रोज सकाळी विसरणारं यंत्र

शकु शेजवळ जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावरचे कारकून चहाचे कप टेबलाखाली सरकवायचे, असं मरोळच्या त्या पंपाच्या कारखान्यात अजून सांगतात. सांगणाऱ्यांनी तिखटमीठ लावलं असेल, पण अगदीच खोटं नसावं. बाईची चालच तशी होती. मान वर, पर्स काखेत, पायात टाचेच्या चपला, आणि त्या चपलांचा असा खणखणीत आवाज की ऐकणाऱ्याला वाटावं, हेड ऑफिसमधून तपासणी आली. वास्तविक ती कुणाचीच साहेब नव्हती. डेटा एंट्रीला होती, आणि पर्मनंट होऊन फार दिवसही झाले नव्हते. पण हे कारकुनांना कोण सांगणार? शकु तर मुळीच सांगणार नव्हती.

साल सत्याऐंशी. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तिच्या बिल्डिंगीत कॉम्प्युटरवर बसणारी ती पहिलीच. तिचे वडील धोंडिराम त्याच पंपाच्या कारखान्यात पॅकिंगला होते, खोक्यांत पेंढा भरून पंप निजवायचे. बापलेक सकाळी एकाच बसने पवईवरून मरोळला यायचे. गेटच्या आत शिरले की धोंडिराम डावीकडे शेडमध्ये आणि शकु उजवीकडे जिन्यावर. पण शेडकडे वळण्याआधी धोंडिराम उगाच थांबायचे आणि ती जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. शेजारी कोणी असेल तर त्याला सांगायचे, "माझी पोरगी. कॉम्प्युटरवर आहे." शेजारच्याला हे रोजच सांगितलेलं असायचं.

कन्नमवार नगरात तर त्यांनी लेकीची इतकी जाहिरात केली होती की शेजारचा भीमराज एकदा गंभीर चेहऱ्याने विचारायला आला, "शकुताई, आमच्या पोराचा बारावीचा निकाल तुमच्या मशिनीत आधी दिसंल का?"

"दिसेल," शकु म्हणाली, "पण त्याने अभ्यास केला असेल तरच."

आता मशीनविषयी. मशीन एकच होतं, आणि ते काचेच्या खोलीत राहायचं. खोलीत गारेगार एसी, दारावर पडदा, आणि दाराबाहेर चपलाबुटांची रांग, कारण आत जायचं तर पादत्राणं बाहेर काढावी लागत. बाहेरच्या हॉलमध्ये नुसते टीव्हीसारखे पडदे आणि कीबोर्ड मांडलेले. त्यांच्या वायरी आतल्या मशीनला जोडलेल्या. शकु, कमळ आणि बाकीच्या मुली बाहेर बसून कामगारांची हजेरी, रजा, पगार मशीनला भरवायच्या. आत मशीनचा राखणदार चंद्रप्रकाश, कांदिवलीचा. केसांना तेल, खिशात कंगवा, आणि मशीनची सगळी कुलपं त्याच्या एकट्याच्या डोक्यात. कारखान्यात त्याच्याविषयी अशीही कुजबुज होती की तो मशीनशी बोलतो. पण एसीच्या खोलीत दिवसभर एकट्याने बसलेला माणूस आणखी कुणाशी बोलणार?

तर धोंडिराम त्या महिन्याच्या अखेरीस रिटायर होणार होते, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

कारखान्यात पगाराच्या दिवशी एक रीत होती. नाना नावाचे जुने टाइमकीपर स्लिपांचा गठ्ठा घेऊन शेडमध्ये यायचे आणि स्लिपवर छापलेलं नाव मोठ्याने पुकारायचे. नाव ऐकलं की माणसाने पुढे व्हायचं, स्लिप घ्यायची. आता नाव कोणतं, तर हजेरीतलं. आणि हजेरीत नावं चढवली होती नानांनीच, ऐन उमेदीत. नानांची पद्धत सोपी. गेटवरचा शिपाई बर्वे तो 'श्री. बर्वे'. पॅकिंगमधला राजाराम तो 'राज्या'. गुणाजी तो 'गुण्या'. आणि धोंडिराम भिकाजी शेजवळ हे 'धोंड्या भिक्या'. कॉम्प्युटर आला तेव्हा लोकांना वाटलं, आता नवं राज्य आलं. पण कॉम्प्युटरला ती हजेरीच जशीच्या तशी भरवलेली. त्यामुळे नवं मशीन कर्र कर्र करत इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'धोंड्या भिक्या' छापायला लागलं आणि नाना आधीपेक्षा खणखणीत आवाजात वाचायला लागले. छापील आलं म्हणजे आणखीच खरं, नाही का!

पुढे प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांवरून सगळ्यांची पूर्ण नावं मशीनमध्ये चढवली गेली. चढवली कुणी? शकुनेच. म्हणजे मशीनच्या पोटात प्रत्येकाची दोन नावं होती. स्लिपवर कोणतं छापायचं, हे ठरवायला प्रोग्रॅममध्ये सेटिंगचं एक पान होतं. 'हजेरीचं नाव' की 'पूर्ण नाव'? खूण इकडची तिकडे केली की झालं. ते पान शकुला सापडलं त्या संध्याकाळी ती बसमध्ये बापाच्या कानाशी लागून म्हणाली, "आबा, तुमच्या शेवटच्या स्लिपवर पूर्ण नाव येणार. नानांना वाचायलाच लागेल."

धोंडिरामांनी मान डोलावली. पण गुपित ठेवणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. बस पवई सोडून विक्रोळीत येईपर्यंत कंडक्टरला ते कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पॅकिंग शेडमध्ये पेंढ्याच्या काडीकाडीला.

"राजाराम, तुझंपण येणार," धोंडिराम सांगत सुटले. "गुणाजी, तुझंपण. माझ्या पोरीने सांगितलंय."

आणि तिथेच घोटाळा झाला. शकुने खूण बदलली, 'सेव्ह' केलं, मशीनने पान मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर खूण परत 'हजेरीचं नाव'वर. तिने परत बदलली. सकाळी परत जुनंच. रोज संध्याकाळी ठेवावं आणि रोज सकाळी मशीनने ते विसरावं. स्लिपा महिनाअखेरीला आतल्या प्रिंटरवर निघायच्या, आणि निघताना मशीन आपल्या पोटात साठवलेलीच खूण बघणार. शकुच्या पडद्यावर दिवसभर काय दिसतं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

घरी सोनूबाई, म्हणजे शकुची आई, रोज ताटावर विचारायची, "मग? ऐकलं का मशिनीने?"

"ऐकेल गं."

"तुझा बाप सगळ्या जगाला सांगून बसलाय. त्या मशिनीला नीट दम दे."

शकुने मशीनला दम दिला नाही. तिने ठरवलं की हे मशीनचं काम नव्हेच, हे कमळचं काम. आता कमळ कोण? वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. नाकात लखलखती चमकी, अंबाड्यात अबोली, आणि आवाज असा की बंदरावरून मारलेली हाक होडीत ऐकू यावी. दुसऱ्या पाळीला ती शकुच्याच खुर्चीवर बसायची. दोघींचं आधीपासून बरं नव्हतं. कारण असं की कमळच्या डब्यातल्या सोड्यांच्या, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीच्या, वासावर शकुने एकदा नाक मुरडलं होतं. वेसाव्याच्या बाईच्या सोड्यांना नाक मुरडणं म्हणजे काय, ते ज्याने मुरडलं त्यालाच कळतं.

पाळी बदलताना शकु खुर्चीवरून उठलीच नाही.

"उठ गो," कमळ म्हणाली. "का तुझ्या आबांनी खुर्चीपण पॅक करून दिली?"

"माझी सेटिंग तू रोज का बदलतेस?"

"मी? मना काय पडलंय तुझ्या सेटिंगचं!"

"माझ्यानंतर इथे तूच बसतेस. सकाळी सगळं उलटं असतं. सोड्यांचा राग माझ्या बापाच्या नावावर काढतेस होय?"

अख्खा हॉल टाइप करायचा थांबला. भांडण बघायला मिळणं ही त्या ऑफिसात सणासुदीसारखी गोष्ट, आणि दोघीही त्या कलेत पारंगत. पण कमळने कंबरेवर हात ठेवले नाहीत की आवाज चढवला नाही. तिने फक्त बाजूची खुर्ची ओढली, आणि यावरूनच लोकांना समजलं की प्रकरण गंभीर आहे.

"बस," ती म्हणाली. "माझ्यासमोर बदल. मी बघते कोण चोर ते."

शकुने खूण बदलली आणि सेव्हची कळ दाबली. पडदा झर्रकन वर सरकला, पुसला, आणि आधीचा मेनू परत आला. रोज असंच व्हायचं. "बघितलंस?" शकु म्हणाली. "झालं सेव्ह."

"थांब. मध्ये काहीतरी पळालं." कमळच्या डोळ्यांना पळती वस्तू पकडायची सवयच होती. "परत कर."

शकुने परत केलं. पडदा सरकायला लागला तशी कमळने कंट्रोल आणि एसच्या कळा एकदम दाबल्या. लांबलचक यादी सरकताना ती थोपवायला सगळ्याच मुली ती युक्ती वापरायच्या. पडदा जागच्या जागी गोठला. आणि पुसण्याच्या आधीची, एरवी डोळ्याला न दिसणारी ओळ मधोमध उभी राहिली: परमिशन डिनाइड.

म्हणजे कुणी पुसत नव्हतं. मुळात लिहिलंच जात नव्हतं. मशीन रोज शकुला तोंडावर नाही म्हणत होतं, फक्त फार घाईने म्हणत होतं.

शकु गप्प झाली. ही घटना दुर्मिळ असल्याने हॉलने ती मन लावून पाहिली.

"आता सोड्यांची माफी मागतेस, का खुर्चीची?" कमळ म्हणाली. मग तिचाच आवाज उतरला. "अगं, आत जाऊन चंद्रप्रकाशला सांगायचं. तो करतो. आम्ही सगळ्या तसंच करतो. मी रजेच्या पानाचं तसंच करून घेतलं. तुला एवढंपण माहीत नाय?"

शकुला माहीत नव्हतं, आणि त्याचं कारण काचेच्या दाराबाहेर रांगेत मांडून ठेवलेलं होतं. कारखान्यात लागल्यापासून शकु त्या खोलीत एकदाही गेली नव्हती. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "चपला बाहेर काढा आणि मग आत या." तेव्हा तिने त्या दाराकडे पाहिलं, आपल्या चपलांकडे पाहिलं, आणि मनात म्हणाली, मग नाहीच येत. तिचे आजोबा भिकाजी गावी पाटलाच्या ओट्याखाली चपला हातात धरून उभे राहायचे. बोलावलं तरी वर चढायचं नाही, आणि चपला पायात ठेवायच्या नाहीत. धोंडिरामांनी हे मुलांना इतक्यांदा सांगितलं होतं की शकुने लहानपणीच ठरवून टाकलं होतं: दुसऱ्याच्या हुकमाने कुठल्याही उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या नाहीत. त्यामुळे आतल्या खोलीतलं काम निघालं की ती काचेवर टकटक करून चंद्रप्रकाशला बाहेर बोलवायची. तो बिचारा समजायचा, हिला एसी सोसत नाही. आणि ऑफिसमधल्या साऱ्या मुली अनवाणी आत जाऊन जे सहज करून घ्यायच्या, त्याचा पत्ता एकट्या शकुला नव्हता.

त्या संध्याकाळी बसमध्ये तिने बापाला सगळं सांगितलं. कमळवरचा आळही सांगितला, चपलांचंही सांगितलं. धोंडिराम खिडकीतून पवईच्या तळ्याकडे बघत ऐकत होते.

"बुद्धविहारात जाताना चपला कुठे ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

"बाहेर. पण ते वेगळं, आबा."

"काय वेगळं?"

"तिथं सगळेच काढतात."

"आणि त्या काचेच्या खोलीत? साहेब काढतो का?"

"काढतो."

"डायरेक्टर?"

शकुला हसू आलं. "काढतो. मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे, तरी काढतो."

"ते मशीन म्हणे धुळीला भितं. बरोबर?"

"तसंच म्हणतात."

"मग पोरी, पाटलाच्या ओट्याखाली फक्त आमच्या चपला हातात असायच्या. पाटलाच्या पायात त्याचे जोडे होते. तो खरा अपमान. जिथं डायरेक्टरच्या भोकाच्या मोज्याला सूट नाही, तिथं तुझाच कसला अपमान? तू उगाच माझ्या बापाला त्या खोलीबाहेर उभं करून ठेवलंस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि माझं नावपण."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी शकु उठली, काचेच्या दारापाशी थांबली, आणि चपला काढल्या. रांगेत नाही, रांगेच्या थोड्या पुढे ठेवल्या. तेवढं तिला शोभतच होतं. हॉलमध्ये कळफलकांचा आवाज थांबला. चंद्रप्रकाश खुर्चीवरून अर्धा उठला आणि त्याचा हात आपोआप खिशातल्या कंगव्याकडे गेला.

"अरे, तू! आत! एसी कमी करू का?"

"एसी असू दे. स्लिपवरच्या नावाची सेटिंग माझ्याच्याने सेव्ह होत नाही. का?"

"होणारच नाही. ती फाइल माझ्या नावावर आहे. सांग, काय बदलायचंय? दोन मिनिटांत करतो, यार."

"तू नको करू. मला करू दे."

चंद्रप्रकाश घाबरला. त्यालाही कारण होतं. आधी ती फाइल सगळ्यांना मोकळी होती. अकाउंट्समधल्या कुणीतरी त्यात बोट घातलं आणि अख्ख्या कारखान्याचा पगार रजेच्या रकान्यात छापून आला. कामगार गेटवर जमले, आणि डायरेक्टरने चंद्रप्रकाशला असं झापलं की त्याने त्या दिवसापासून मशीनमधलं जे जे म्हणून बंद करता येईल ते बंद करून टाकलं.

"तसं नाय होत," तो म्हणाला. "रूल आहे. लिहायची परमिशन फक्त मला."

"आणि आम्हाला?"

"वाचायची आहे ना! वाचा की हवं तेवढं."

शकु अशी हसली की बाहेर काचेला नाक लावून उभ्या असलेल्या मुली दचकल्या.

"चंद्रप्रकाश, माझ्या आजोबांच्या वेळी आम्हाला वाचायचीसुद्धा नव्हती. म्हणजे तू पुष्कळच सुधारलेला निघालास."

त्याचा चेहरा लाल झाला. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. "अगं, तसलं काही नाय त्याच्यात. मशीनला काय कळतंय कोण कुठला ते?"

"मशीनला कळत नाही म्हणून तर मशीनशी भांडत नाही मी. तुझ्याशी बोलतेय. ती सगळी पूर्ण नावं माझ्या हातांनी चढवलीत. छापायची की नाही ते मात्र मी लिहायचं नाही?"

"आणि चुकलं तर? परत मीच मरणार."

"कोण कुठल्या वेळी काय बदललं, ते तुझं मशीन टिपून ठेवतं ना?"

"ठेवतं."

"मग माझं नाव टिपून ठेवू दे. चुकलं तर डायरेक्टरला माझं नाव दाखव. मी येईन त्याच्यासमोर."

चंद्रप्रकाशने तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं. मशीनने काही सल्ला दिला नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली, कीबोर्डवर एक ओळ मारली आणि एंटर दाबलं. एवढ्या अडून बसलेल्या गोष्टीला एवढीशी ओळ! शकुला तर जरा निराशाच झाली. तिला वाटलं होतं, निदान दिवे तरी लुकलुकतील.

"झालं?"

"झालं. आता माझ्याशिवाय तूच."

"कमळलापण दे."

"आता कमळ कशाला?"

"दे म्हटलं ना. तिने पकडलं म्हणून मी इथवर आले. नाहीतर अजून तिच्याशीच भांडत बसले असते."

बाहेर कमळने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मना नको गो बाय! चुकलं तर माझं नाव जाईल डायरेक्टरकडे!" पण परमिशन घेतली. आणि त्या दिवशी शकुने तिच्या डब्यातले सोडे खाल्ले, एक नाही, दोन वेळा मागून. याला ऑफिसात माफी समजण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन काही विसरलं नव्हतं. खूण जिथे ठेवली तिथेच होती. स्लिपा छापून आल्या तेव्हा अकाउंट्सने थोडी कुरकुर केली, नावं लांबली, कागद भरला. पण डायरेक्टरच्या स्वतःच्या स्लिपवर त्याच्या वडिलांचं नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं. तो ते बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "हे असंच राहू द्या." मग कुरकुरीचं कुणी ऐकलं नाही.

पगाराच्या दिवशी शकु जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिथून शेड दिसायची. नाना चष्मा पुसत आले, गठ्ठ्यावरची पहिली स्लिप डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचं तोंड उघडून तसंच राहिलं.

"काय झालं, नाना?" कोणीतरी ओरडलं. "मशीन बिघडलं काय?"

नानांनी घसा साफ केला. "राजाराम... राजाराम गोविंद... हे काय लिहिलंय... राजाराम गोविंद तांबे."

राजाराम समोर उभा होता, पण हलला नाही. आयुष्यात कुणी असं पुकारलं नव्हतं, त्यामुळे आपल्यालाच बोलावलं हे त्याला समजायला वेळ लागला. बाजूच्याने ढकललं तेव्हा तो गेला, आणि स्लिप घेऊन नवरदेवासारखा लाजत परत आला. मग गुणाजी. मग बाकीचे. नानांचा आवाज सुरुवातीला अडखळत होता, पण पूर्ण नावांना आपली एक लय असते. हळूहळू जीभ रुळली आणि म्हातारा भारदस्त वाचायला लागला.

"धोंडिराम भिकाजी शेजवळ!"

धोंडिराम एका खोक्यावर बसले होते. उठले नाहीत.

"अरे, तुझंच नाव," नाना म्हणाले. "ये की."

"नीट ऐकू नाही आलं, नाना. परत वाचा."

"कान गेले काय रे तुझे रिटायर व्हायच्या दिवशी?"

"वाचा ना. एवढी वर्षं वाचलंत, आज आणखी एकदा."

शेड हसायला लागली. नानांनी चष्म्यावरून धोंडिरामांकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले असावेत, कारण त्यांनी स्लिप पुन्हा डोळ्यांसमोर धरली आणि यावेळी सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबत वाचलं.

"श्री. धोंडिराम. भिकाजी. शेजवळ."

'श्री.' स्लिपवर छापलेलं नव्हतं. शकुला ते पक्कं माहीत होतं, तिनेच नाव चढवलेलं. ते नानांनी आपल्या पदरचं घातलं.

धोंडिराम उठले, शर्टावरच्या पेंढ्याच्या काड्या झटकल्या, कॉलर सरळ केली आणि स्लिप घ्यायला निघाले. पॅकिंगची शेड तशी लहानच होती. पण त्या दिवशी ती पार करायला त्यांनी भरपूर वेळ घेतला.